बोटाला पट्टी

महिनाभर मी उजव्या हाताच्या तर्जनीला चिकटपट्टी लावून शाळेत जात होते. पहिल्या दिवशी तिसरीतल्या पोरांनी विचारलं, "मॅडम, काय लागलं?" मी "विळी" म्हणून सांगून टाकलं. लागलं काहीच नव्हतं. ते बोट माझ्या नकळत तोंडात जायचं. ते निघालंय हे मला कळावं, एवढ्यासाठी ती पट्टी होती.

मी मिश्री लावायचे. कुठे कुठे तिला मशेरी म्हणतात. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. लग्न होऊन अमळनेरला आले तेव्हा दाढ दुखत होती, सासूबाईंनी चिमूटभर बोटावर दिली. दाढ पुढे काढली. मिश्री एकवीस वर्षं राहिली. शिकलेल्या बाईनं हे सांगू नये म्हणतात, पण २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढ बायकांपैकी १७ टक्के तंबाखू घेणाऱ्या निघाल्या, आणि त्यातल्या बहुतेक बिनधुराची. त्यात शाळेतलं तंबाखूमुक्तीचं काम माझ्याकडे. फाटकापासून १०० यार्डांवर पिवळी रेघ मारून घ्यायला पेंटरच्या मागे मी उभी, आणि पर्समध्ये डबी.

गालाच्या आत पांढरा चट्टा आला, तेव्हा सोडायचं ठरलं. दातांच्या डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला. वाईट काही निघालं नाही, पण रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते मलाच माहीत. रिपोर्ट हातात आला त्या संध्याकाळी डबी बोरीच्या पुलावरून खाली टाकली. नदीला पाणी नव्हतं, त्यामुळे ती वाळूत पडलेली वरून स्पष्ट दिसत होती.

तिसऱ्या दिवशी डोकं धरलं. वर्गात पोरांवर विनाकारण खेकसले. आणि मुख्य म्हणजे पोट साफ होईना. मिश्री लावणारीला हे वेगळं सांगायला नको, सकाळी बोट हिरड्यांवरून फिरल्याशिवाय पोट हलतच नाही. चौथ्या दिवशी नवी डबी आली.

डी.एड.ला पावलोव्हच्या कुत्र्यावर टीप लिहून मी चांगले मार्क मिळवले होते. पावलोव्ह मुळात पचनाचा अभ्यास करणारा, १९०४ चं नोबेलही त्याला त्याच कामासाठी मिळालं. घंटी वाजली की जेवण येणार म्हणून कुत्र्याला आधीच लाळ सुटते, हे तोंडपाठ होतं, पण पहाटे मोरीपाशी उकिडवी बसलेली मी त्याच जातीतली, हे कधी डोक्यात आलं नाही. निकोटिन आतड्यांना ढोसतं हे खरंच. पण माझं पोट डबीचं झाकण निघाल्याच्या आवाजालाच हलायचं. तोवर निकोटिन कुठे गेलेलं असायचं पोटात?

मग तंबाखू सोडायला मदत करणारा, पुड्यावर छापलेला तो १८००-११-२३५६ नंबर लावला. इतकी वर्षं त्या पुड्या मीच फाडत होते. पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही. "कुठे लावता? कशाच्या मागोमाग लावता?" एवढंच विचारलं, आणि आठवडाभर लिहून काढायला सांगितलं. माझ्या वहीत रोज चार वेळा आल्या. लेक म्हणाली, "आई, सहा." तिनं गुपचूप कॅलेंडरवर टिकल्या लावून ठेवल्या होत्या. मी भांडले. पण डबी चारच्या हिशेबानं संपत नव्हती, सहाच्याच हिशेबानं संपत होती. शाळेतून आल्यावर पर्स खुंटीला लावताना एकदा आणि रात्री गॅसचा कॉक बंद केल्यावर एकदा. या दोन वेळा मला आठवतच नव्हत्या. खोटं बोलत नव्हते हो, खरंच आठवत नव्हत्या.

तेव्हा मानसशास्त्राच्या पुस्तकांतला एच. एम. नावाचा रुग्ण आठवला. १९५३ साली फिट्ससाठी त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि नवं काही लक्षात राहणंच संपलं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. रोज तो म्हणायचा, हे मी कधी केलेलं नाही, आणि रोज त्याचा हात आदल्या दिवसापेक्षा सफाईनं चालायचा. हाताची वही वेगळी असते आणि ती आपल्याला वाचायला मिळत नाही. आमच्या गावात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर उभं आहे, मनाबिनाचा विचार तिथे होतो. माझं मन मोरी, खुंटी आणि गॅसच्या कॉकपाशी राहत होतं.

म्हणून डबीशी झटण्याऐवजी जागा बदलल्या. दात घासायला गच्चीवर जायचं, तेही डाव्या हातानं, फेस थेट कोपरापर्यंत. उठल्या उठल्या गरम पाणी. पर्स बाहेरच्या खोलीत. कॉक बंद करायचं काम नवऱ्याकडे. डॉक्टरांनी दोन मिलिग्रॅमची निकोटिनची च्युइंग गम दिली. हळू चावायची, जिभेला झिणझिणलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची. गंमत बघा, जागा तीच! त्याआधी पंधरा मिनिटं चहा बंद, नाहीतर ती नीट लागू पडत नाही. माझा सकाळचा चहा त्यामुळे पुढे सरकला आणि त्याच्याशी बांधलेली मिश्रीही सुटी झाली. आणि बोटाला ती पट्टी. ओठाला लागली की कडूशार चव यायची आणि मी जागी व्हायचे.

चाळिसाव्या दिवशी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले. पट्टी काढून. कडुलिंबाला झोका, सांजोऱ्या, जुन्या मैत्रिणी. मला कुणी डबी पुढे केली नाही. मागच्या अंगणात काकू तव्यावर तंबाखू भाजत होती, तो वास आला एवढंच. भानावर आले तेव्हा बोट काळं होतं आणि तोंडात होतं. आई म्हणाली, "तुले जमाव नही."

रडू आलं. लेकीनं मोबाइलवर शोधून दाखवलं, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या अभ्यासात ९६ जण होते, नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला अंदाजे २५४. आणि मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सगळं पाण्यात जात नाही. एकवीस दिवसांची गोष्ट लोकांनी कुठून उचलली देव जाणे. वहीत "आखाजी, १" असं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी लावली.

आता डिसेंबर आहे. डोकं धरणं, चिडचिड कधीच गेली. पोटाला मात्र दीड महिना लागला.

परवा नवरा गावाला गेला होता. रात्री कॉक मी बंद केला आणि वळले, तर लेक माझ्याकडे बघत होती. बोट हिरडीवरून फिरत होतं, कोरडंच. याची टिकली लावायची की नाही, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.