सॅलड झालं, पण भात खंय?

लग्नाच्या बुफेत सगळ्यात पहिल्या टेबलावर जे मांडलेलं असतं आणि जे कोणीच वाढून घेत नाही ते सॅलड, एवढीच आमच्याकडे त्या बिचाऱ्याची पत. काकडीच्या चकत्या, टोमॅटोच्या सालीचं गुलाब, बिटाचे लाल झालेले हात पुसायला टिश्यू, संपलं. त्यामुळे सॅलड हेच जेवण, म्हणजे मेन कोर्स, आधी काही नाही नि नंतर आमटी-भातही नाही, असं गोव्यात, फोंड्यातल्या घरात जाहीर करायचं म्हणजे जरा धाडसच. पण आमच्या भाच्याने ते केलं.

भाचा इंग्लंडमध्ये एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये आहे. पोर्तुगीज पासपोर्ट काढून आमच्या वाड्यावरची बरीच पोरं गेली, तसा हाही गेला, आधी भांडी, मग भाज्या चिरणं आणि आता म्हणे कोल्ड सेक्शन पूर्ण त्याच्याकडे. व्हिडिओ कॉलवर मला प्लेट दाखवतो, आत्या हे बघ, आत्या ते बघ. त्यातलंच एक हिवाळ्यातलं सॅलड होतं. खाली उकडलेली मसूर, म्हणजे आपली नाही, ती फ्रेंच हिरवट काळी, शिजली तरी फुटत नाही ती. वर ओव्हनमध्ये सालीसकट भाजलेलं बीट, कडू पानं, पेअरच्या फोडी, अक्रोड, आणि या सगळ्यावर हरणाच्या मांसाचे कागदासारखे पातळ काप. गडद लाल, जवळजवळ जांभळे. मीठ, थोडी साखर, मिरी आणि जुनिपर, म्हणजे जिनला जो वास येतो ना ती फळं, हे सगळं चोळून काही दिवस फ्रीजमध्ये मुरवायचं, मग धुऊन, पुसून टांगून ठेवायचं. मिठाने पाणी सुटतं, राहिलेलं वाऱ्यावर सुकतं, साधारण तिसरा हिस्सा वजन कमी झालं की झालं तयार. काही ठिकाणी वर थंड धूरही देतात.

मी म्हटलं, अरे पण हरीण? मारतात?

तर त्याने मला उलटं ऐकवलं. तिकडे हरणं इतकी झालीत की मारावीच लागतात. आकडा २० लाखांच्या आसपास सांगतात. लांडगे त्या देशातून कधीच संपले, खाणारं कोणी उरलं नाही, त्यामुळे जंगलातली कोवळी रोपं वाढायच्या आधीच फस्त. हरणांच्या सहा जाती आहेत तिथे, त्यातल्या मूळच्या दोनच, बाकीची लोकांनी हौसेने आणलेली. एक तर चीनमधलं भेकर, बेडफर्डच्या ड्यूकने आपल्या वोबर्नच्या बागेत आणलं आणि तिथून ते सुटलं ते आता माणसांच्या परसात येऊन गुलाब खातं. आपल्या मोल्याच्या रानात जे भेकर कुत्र्यासारखं भुंकतं त्याचंच हे चुलत भावंड. म्हणजे तिथे हरीण खाणं हे झाडं वाचवणं आणि इथे तेच केलं तर थेट कोठडी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली ती झालीच आणि बरंच झालं असं मला तरी वाटतं. नाहीतर म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव या सगळ्या रानांत आता नावालाही काही शिल्लक नसतं.

अर्थात बंद झाली म्हणजे कागदावर. पाऊस सुरू झाला की बेडकांच्या मागे बॅटऱ्या घेऊन फिरणारे अजूनही आहेत, जंपिंग चिकन म्हणे, आणि दरवर्षी वनखात्याला लोकांना सांगावं लागतं की बाबांनो नको, तो बेडूक शेतातले किडे खातो. आणि रानडुकराबद्दल सत्तरी-सांग्याच्या शेतकऱ्यासमोर माझं हे पर्यावरणप्रेम बोलून दाखवायची माझी हिंमत नाही, एका रात्रीत उभं भात लोळवून जातात ते. आमच्या सासऱ्यांच्या तरुणपणी गावात कोणी डुक्कर मारलं की घरोघरी वाटे जायचे, हे त्यांच्या तोंडून ऐकलंय. मला ते दिवस परत यावेत असं काही वाटत नाही. पण चव ऐकून तोंडाला पाणी सुटतं ते सुटतंच, त्याला कायदा कळत नाही.

तर डिसेंबरात, जत्रेच्या वेळी, भाचा सुट्टीवर आला आणि म्हणाला आत्या, मी सगळ्यांना सॅलड करून घालणार, जेवण म्हणून. हरीण नाही, ठीक आहे, तसं काहीतरी खारवलेलं शोधूया. गोव्यात खारवलेलं मांस म्हटल्यावर दुसरं नाव काय येणार, चोरिस, म्हणजे डुकराच्या मांसाचे मण्यांसारखे माळेत ओवलेले तिखट सॉसेज. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून माळ आणली. पण आमच्या घरात एक नियम आहे, बाजारात गाड्यावर चोरिस-पाव खाल्लेला चालतो, आमचे हे तर हमखास खाऊन येतात, पण तो चोरिस माईंच्या स्वयंपाकघरात, माईंच्या कढईत, नाही म्हणजे नाही. माई म्हणजे माझ्या सासूबाई. यात लॉजिक काय हे विचारायचं नसतं. मग मागच्या पडवीत छोटा गॅस, जुनी तवली, असा संसार मांडला.

हरणाच्या मांसात चरबी जवळपास नसतेच, म्हणून ते सुकल्यावर घट्ट होतं आणि धाग्याच्या आडवं, अगदी पातळ कापून कच्चंच खातात, वर तेल घालावंच लागतं. चोरिस बरोबर उलटा. डुकराची चरबी भरपूर, मिरची, लसूण, माडाच्या सुरेचं व्हिनेगर, आणि तो कच्चा खायचा नाही, शिजवायलाच हवा. भाच्याने मणी फोडून आतलं मांस तवलीत काढलं, पाण्याचा एक हबका मारला, गॅस बारीक. तेलाचा थेंब नाही. आधी नुसतं पाणी चुर्र करत राहिलं, मग कडेने नारिंगी रंग सुटायला लागला, मग अचानक व्हिनेगरचा झणका असा उठला की आम्ही दोघंही ठसकलो आणि शेजारच्यांचा कुत्रा गडग्यावर येऊन बसला. थोड्या वेळाने मांस एका बाजूला नि लालभडक चरबी दुसऱ्या बाजूला. हेच ड्रेसिंग, तो म्हणाला. आंबट आहे, तिखट आहे, खारट आहे, तेलही आहे, आणखी काय लागतं ड्रेसिंगला?

मसुरीच्या जागी अळसांदे घेतले होते, म्हणजे चवळीच, पण आपली गोव्याची, मोठी, रात्री भिजवलेली. ते उकडून, पाणी काढून, गरम असतानाच त्याच्यावर दोन डाव ती चरबी. गरम असतानाच का, तर कडधान्य काय नि बटाटा काय, गरम असताना आंबट-तेल आत ओढून घेतं, थंड झाल्यावर ते नुसतं वर बसतं. हे त्याने मला दोनदा सांगितलं, हॉटेलातली पोरं अशी मास्तरकी करतात. आणि मीठ घालायला गेले तर हातच धरला, खारवलेलं मांस असलं की मीठ शेवटी, चाखून, बहुतेक वेळा लागतच नाही. मग मुळ्याची कोवळी पानं, कडू पानांच्या ऐवजी, नवलकोल कच्चाच पातळ कापून, भाजलेलं बीट, पेअरच्या जागी करमलाच्या, म्हणजे स्टारफ्रूटच्या, चांदण्या, अक्रोडाच्या जागी भाजलेले काजूचे तुकडे. दिसायला म्हणाल तर मासिकाच्या कव्हरवर टाकावं असं.

चव? मस्त होती. पण खरं सांगू, चोरिस कोणाचं ऐकत नाही. त्याने बीट गिळलं, करमल गिळलं, मुळ्याचा कडूपणा तर कुठच्या कुठे गेला. ते सॅलड नव्हतं, ते अळसांदे घातलेलं चोरिस होतं, आणि उंड्याबरोबर, म्हणजे आपल्या गोल पावाबरोबर, जास्त चांगलं लागलं असतं, जे आम्ही मग केलंच.

माईंसाठी आणि घरातल्या बाकी डुक्कर न खाणाऱ्यांसाठी वेगळा वाटा ठेवला होता, सगळं तेच, फक्त चोरिस नाही. त्याला काहीतरी खारट हवंच होतं. माईंनी काही न बोलता फळीवरचा डबा काढला, गलमो. सुकी बारीक सुंगटं, मे महिन्यात पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, भरलेली, पावसाळा काढून उरलेली. डोकी-शेपट्या खुडलेली होतीच, तव्यावर मंद भाजली, हाताने चुरली की कर्र असा आवाज येईपर्यंत. कांदा बारीक, ओलं खोबरं, मिरचीपूड, सोलांचा, म्हणजे कोकमाचा, आगळ थोडासा, वरून कच्चं खोबरेल. किसमूर. कालवली ती अगदी पानं घेतल्यावर, कारण दहा मिनिटं जरी राहिली तरी गलमो मऊ पडतो नि मग त्याच्यात राम नाही.

ती किसमूर त्या अळसांदे-बीट-नवलकोलावर पसरली आणि भाचा एक घास खाऊन गप्पच झाला. मग म्हणाला, आत्या, आमच्या प्लेटच्या जवळ हेच आहे ग, चोरिस नाही. आणि पटलं मला. कोरडं, खारं, चरबी नसलेलं, चिमूटभर घातलं तरी अख्ख्या ताटाला पुरणारं, बाकीच्यांना बोलू देणारं. मला तर आणखी एक वाटलं, की शिकार शिकार म्हणून आपण रानाकडे बघत बसतो, पण गोव्यात रोज जी शिकार होते ती समुद्रातच होते की. बांगडा, तारली, गलमो, यांना कोणी गोठ्यात पाळलेलं नाही, चारा घातलेला नाही, जाळ्यात सापडले ते आले. आणि ते मीठ लावून उन्हात वाळवून ठेवायची विद्या आपल्याकडे होतीच, फक्त तिला कोणी क्युरिंग म्हणून मेन्यूत छापलं नाही आणि किसमुरीला ताटाच्या कडेला बोटभर जागा दिली. त्या लंडनच्या हॉटेलांत हेच चमचाभर घालून काय बिल लावतील याचा हिशोब भाच्याने तिथेच करून दाखवला, मी तो इथे लिहीत नाही, माईंना अजून झोप लागायची आहे.

घरी कोणाला करायचं असेल तर माझं ऐका, सुका बांगडा भाजून त्याचे काटे काढून घातला तरी चालेल, पण वास सहन होणारी माणसं घरात हवीत आणि खिडकी उघडी हवी. करमल नसेल तर अर्धवट पिकलेला पेरू. लेट्युसच्या मागे लागू नका, किसमुरीखाली ते लगेच गळून पडतं. आणि मांसच हवं असेल तर खाऱ्या मांसाचा प्रयोग घरच्या घरी, ऐकीव मापाने करू नका, त्यात क्युरिंग सॉल्ट ग्रॅमवर मोजायचं असतं, रानडुकराच्या बाबतीत तर तिकडचे लोकसुद्धा आधी मांस तपासून घेतात, त्यात ट्रिकिनेला नावाचा कृमी असू शकतो आणि मीठ लावल्याने तो मरेलच असं नाही.

माईंनी ताट संपवलं. चाटून पुसून, काही शिल्लक नाही. मग हात न धुताच बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "बरें आसलें. पूण शीत खंय?"

कुकर लावावा लागला. बरं झालं मी ड्रेसिंग घालायच्या आधी थोडे उकडलेले अळसांदे बाजूला काढून ठेवले होते, त्याचं दुसऱ्या दिवशी तोणाक केलं, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण घालून रस्सा, आणि भाचा त्याच्या दोन वाट्या ओरपून म्हणाला की हे मात्र त्याला तिकडे कुणाला समजावून सांगता येत नाही.