आवर्तन बंद होतं तेव्हा सोंस कुठे जाते?

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, त्यातली बरीच निफाड तालुक्यात, नांदूर मध्यमेश्वरच्या कालव्यांवर. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवस कालव्यात सोडलेलं पाणी, संपलं, हेडची (कालव्याच्या तोंडाची) दारं खाली आली की कालव्यातलं पाणी ओसरतं आणि खड्ड्याखड्ड्यांत मासळी अडकून पडते. मग पोरं टोपल्या आणि जुनी लुगडी घेऊन उतरतात. निफाडकरांना हे नवं नाही. पण पाकिस्तानच्या सिंध प्रांतात दर जानेवारीत दुरुस्तीसाठी कालवे बंद होतात, तेव्हा मासळीबरोबर नदीतले डॉल्फिनही, म्हणजे सोंसी, अडकतात. दोन-अडीच मीटर लांबीचा, फुप्फुसांनी श्वास घेणारा, पिल्लाला दूध पाजणारा प्राणी कालव्याच्या डबक्यात! हे कळल्यापासून मी या प्राण्याबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे.

प्रत्यक्ष पाहिला तो बिहारमध्ये. पुतणी आणि जावई कहलगावला असतात. सुलतानगंजपासून कहलगावपर्यंतचा गंगेचा सुमारे ६० किलोमीटरचा पट्टा १९९१पासून डॉल्फिनचं अभयारण्य आहे, विक्रमशिला नावाचं. कहलगावसमोर भर नदीत खडकाळ बेटं आहेत. नावाड्यानं नाव त्यांच्या आडोशाला नेली, वल्हं थांबवलं आणि म्हणाला, "बाबूजी, आवाज सुनिए." आधी खरंच आवाजच आला, जोरात सोडलेल्या श्वासाचा. मान वळवेपर्यंत राखाडी पाठ आत गेली होती. पुढच्या वेळी चोच दिसली, लांब, अरुंद, तोंड मिटलेलं असतानाही दात बाहेर दिसणारी. समुद्रातल्या डॉल्फिनसारख्या उड्या या सहसा मारत नाहीत. तिकडे हिला सोंस म्हणतात आणि मलाही आता तेच नाव तोंडात बसलं आहे.

सोंस जवळजवळ आंधळी असते. डोळा आहे, पण त्यात भिंगच नाही. उजेड-अंधार कळतो, तेवढंच. गाळानं भरलेल्या पाण्यात डोळ्यांचा उपयोग तरी काय? ती सतत बारीक टिकटिक आवाज काढते आणि परतून येणाऱ्या प्रतिध्वनीवरून मासा, खडक, जाळं ओळखते. तळाशी पुष्कळदा कुशीवर पोहते, एक पर तळाला टेकवत. मादी नरापेक्षा मोठी, तिची चोचही लांब. दोन-तीन वर्षांतून एकदा, एकच पिल्लू.

तिची जागा निवडायची रीत मला फार आवडली. खोल डोह, नदीचं वळण, दोन नद्यांचा संगम, खडकामागे जिथे पाणी उलटं फिरतं ती जागा. मुख्य धारेत झुंजत ताकद घालवायची नाही, धारेच्या कडेला थांबायचं. मासे तिथेच येतात. आयुष्यभर पाण्याचा वेग मोजलेल्या माणसाला हे शहाणपण पटकन पटतं.

आपल्या गोदावरीत सोंस नाही. ती गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधू आणि बांगलादेशातल्या कर्णफुलीच्या खोऱ्यांतली. सिंधूची सोंस वेगळी जात असल्याचं शास्त्रज्ञांनी २०२१मध्ये मांडलं. पण कथेतून ती आपल्यापर्यंत पोचलेली आहे. वाल्मीकि रामायणाच्या बालकांडात गंगा खाली उतरते तेव्हा आकाश शिंशुमारांनी, सर्पांनी आणि चंचल माशांनी भरून जातं, जणू विजा विखुरल्या आहेत. शिंशुमार म्हणजे सोंसच, असं बरेच जण मानतात. सिन्नरच्या गोंदेश्वराला अभिषेकाचं पाणी बाहेर सोडणारं मकरमुख आहे. गंगेचं वाहन असलेल्या या मकरात काही अभ्यासकांना मगर दिसते, काहींना सोंस. कहलगावहून आल्यापासून मला तरी त्या लांब तोंडात सोंसच दिसते. अशोकानं पाचव्या स्तंभलेखात ज्या प्राण्यांना मारायला बंदी केली, त्यांत 'गंगापुपुटक' आहे, तीही हीच असावी असं मानतात.

एवढी पुण्याई असूनही तिला मारलंच. मांसासाठी थोडं, तेलासाठी जास्त. ते तेल पाण्यात सोडलं की काही जातींचे मासे जवळ येतात. पाटण्याचे प्रा. रवींद्रकुमार सिन्हा यांनी माशांच्या टाकाऊ भागांचं तेलही त्या कामाला चालतं हे दाखवून दिलं. कोळ्याला नुसता कायदा सांगण्यापेक्षा त्याच्या हातात दुसरं तेल देणं, हे मला फार मोठं काम वाटतं. २००९मध्ये सोंस राष्ट्रीय जलचर ठरली. मार्च २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या गणनेत २८ नद्यांचं साडेआठ हजार किलोमीटर पात्र तपासलं गेलं: एकूण ६,३२७ डॉल्फिन, त्यातले ६,३२४ गंगेच्या जातीचे आणि सिंधूच्या जातीचे फक्त तीन, पंजाबात बियास नदीत.

आता पुन्हा दारांकडे येतो, कारण माझा जीव तिथे अडकला आहे. पश्चिम बंगालमधला फराक्क्याचा बराज, म्हणजे नदीवर आडवा घातलेला दारांचा बंधारा, १९७५मध्ये सुरू झाला आणि गंगेतल्या सोंसींची वरची-खालची ये-जा अडली. सिंधूवर तर बराजांची रांगच आहे. तिथल्या बहुतेक सोंसी गुड्डू आणि सक्कर या दोन बराजांच्या मधल्या पट्ट्यात उरल्या आहेत. नदी उतरली की कालव्यात पाणी आणि मासे दोन्ही असतात, म्हणून त्या हेड रेग्युलेटरमधून, म्हणजे कालव्याच्या तोंडाच्या दारांतून, आत जातात. परत यायचं तर दारातल्या जोराच्या धारेविरुद्ध पोहावं लागतं. उत्तर प्रदेशात शारदा-घाघरेच्या कालव्यांतही त्या सापडतात. मग जाळ्यानं हळूच धरून, अंगावर ओली फडकी टाकून, पाणी शिंपडत गाडीतून नदीत नेऊन सोडतात. वाटेत त्वचा सुकू द्यायची नाही आणि डोक्यावरचं श्वासाचं भोक मोकळं ठेवायचं.

ही धावपळ करणाऱ्यांना माझा नमस्कार. पण कालव्यावरच्या माणसानं ती वेळच येऊ देऊ नये असं मला वाटतं. बंद करण्याआधी चार दिवस पाटकऱ्यानं काठानं चालत जावं. सोंस दर मिनिट-दोन मिनिटांनी श्वासाला वर येतेच, लक्ष ठेवलं तर दिसते. दिसली तर विसर्ग टप्प्याटप्प्यानं कमी करावा, हेडजवळची धार संथ असताना एखादं दार काही काळ पूर्ण उघडं ठेवावं आणि सुटका करणाऱ्यांना पाणी असतानाच बोलवावं. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याचं पाणी यानं कमी होत नाही. रजिस्टरमध्ये पाणीपातळीच्या शेजारी एक रकाना वाढेल, एवढंच.