स्लाइड्स बनवताना पॉवरपॉइंट सगळ्यात शेवटी उघडलं

वर्षभराच्या कामाचा आढावा सगळ्या टीम्ससमोर मांडायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा एक पक्कं ठरवलं, की आधी पॉवरपॉइंट उघडायचंच नाही. कागद घेतला आणि लोकांनी बाहेर पडताना नेमकं काय डोक्यात घेऊन जायला हवं ते एका वाक्यात लिहिलं. खरं सांगते, सगळ्यात जास्त वेळ त्या एका वाक्यालाच लागला, पण ते जमलं आणि निम्म्या स्लाइड्स तिथेच गळाल्या, कारण जी स्लाइड त्या वाक्याच्या काही कामाची नाही ती ठेवायची कशाला.

मग हेडिंग्ज. 'तक्रारींचा आढावा' यातून काहीच कळत नाही, तिथे 'निम्म्या तक्रारी उशिरा डिलिव्हरीच्या' असं सरळ वाक्य टाकलं. खाली एकच बार चार्ट, ग्रिडलाइन्स म्हणजे मागच्या फिकट रेषा उडवल्या, सगळे बार राखाडी आणि उशिराचा तेवढा गडद केशरी, नावं थेट बारवरच. एवढं केलं की चार्ट समजावत बसावं लागत नाही.

स्लाइडवर परिच्छेद असला की लोक तो वाचतात आणि आपलं ऐकणं बंद होतं, दोन्ही एकदम जमतच नाही कोणाला. म्हणून मजकूर सगळा स्लाइडखालच्या नोट्समध्ये, प्रेझेंटर व्ह्यूमध्ये, म्हणजे बोलणाऱ्याच्या स्वतःच्या स्क्रीनवर, तो फक्त आपल्याला दिसतो. लेखक आणि गुंतवणूकदार गाय कावासाकी (Guy Kawasaki) यांचा १०/२०/३० नियम आहे ना, १० स्लाइड्स, २० मिनिटं आणि ३० पॉइंटच्या खाली फॉन्ट नाही, तो गुंतवणूकदारांसमोरच्या पिचसाठी आहे, पण फॉन्टचं मी तंतोतंत पाळलं, शब्द आपोआप कमी होतात.

सराव उभं राहून, मोठ्याने. मनात छान वाटलेलं वाक्य तोंडात अडखळतं ते तेव्हाच कळतं. सुरुवात तेवढी पाठ केली, बाकी नाही.

आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट, स्लाइड शो चालू असताना कीबोर्डवरचं 'B' हे अक्षर दाबलं की स्क्रीन काळी होते. मी तक्रारींच्या चार्टनंतर ते दाबलं, सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे, आणि विचारलं, "या महिन्यात ग्राहकाला सॉरी कोणाकोणाला म्हणावं लागलं?" मग गप्प राहिले. ती शांतता फार लांब वाटते हो, पण भरून काढायची नाही! मागून डिस्पॅचमधला एक जण बोलायला लागला, मग दुसरा, आणि उशीर नेमका कुठे होतो ते त्यांनीच सांगितलं. कोणीतरी महिन्यावार आकडे मागितले, ते शेवटी बॅकअपच्या, म्हणजे लागल्या तरच दाखवायच्या स्लाइड्समध्ये ठेवलेच होते, स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर दाबलं की थेट तिथे.