फ्रीबीएसडी पॅनिक अपडेट: डंप मिळाला, बिट सापडला

तर मंडळी, इंदूरला घरच्या फ्रीबीएसडी (युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टम) बॉक्सचं जे भर दुपारी पॅनिक होऊन, म्हणजे कर्नल (सिस्टमचा गाभा) गंभीर चुकीमुळे थांबून, रीबूट होणं चालू होतं त्यात आता खरी प्रगती आहे. आरसी डॉट कॉन्फ या सेटिंग फाइलमधे डंपडेव्ह ऑटो केलंय, म्हणजे पॅनिक झालं की कर्नल डिस्कवरच्या स्वॅप जागेच्या शेवटी डंप (त्या क्षणीच्या मेमरीची प्रत) लिहितं आणि पुढच्या बूटला सेव्हकोर हा प्रोग्रॅम तो व्हार क्रॅश फोल्डरमधे आणून ठेवतो. तो डंप वाचायला केजीडीबी हा डिबगर जीडीबीच्या पॅकेजमधून घ्या आणि कर्नलचे डिबग सिम्बॉल (फंक्शनांची नावं) पण हवेतच, नाहीतर नुसते आकडे दिसतात.

मजा अशी की प्रत्येक डंपचा बॅकट्रेस (पॅनिकच्या वेळी चालू असलेल्या फंक्शनांची साखळी) वेगळा. एकदा झेडएफएस ही फाइल सिस्टम, एकदा नेटवर्क स्टॅक. ड्रायव्हरचा बग असता तर बहुतेक वेळा तीच तीच फंक्शनं दिसली असती, म्हणून माझा संशय तिथेच हार्डवेअरवर गेला. त्यात पॅनिकचं कारण म्हणून सीपीयूने दिलेली चूक ही ट्रॅप ९, जनरल प्रोटेक्शन फॉल्ट. ट्रॅप १२ म्हणजे पेज फॉल्टमधे चुकलेला पत्ता स्क्रीनवर छापून येतो, यात येत नाही, मग बॅकट्रेसमधली फ्रेम (एक पायरी) निवडून सीपीयूचे रजिस्टर बघत बसावं लागतं. आणि तिथेच सापडलं! आजूबाजूचे सगळे पॉइंटर (मेमरीतले पत्ते) एफएफएफएफएफ८ ने सुरू होणारे, अगदी सरळ, आणि हा एकटा एफएफबीएफएफ८. बायनरीत एफ म्हणजे ११११, बी म्हणजे १०११. एकच बिट पडलाय! एवढ्याने पत्ता नॉन-कॅनॉनिकल, म्हणजे नियमात न बसणारा, होतो, सीपीयू तो घेतच नाही. मी तर खुर्चीतून उठलोच.

मग मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, लावला. रात्री आपल्या माळव्याचा गारवा, एकही एरर नाही, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी खोली तापल्यावर त्याच मशीनवर लाल ओळीच ओळी. रॅमच्या काड्या एकेक करून तपासल्या, एकच खराब निघाली, ती काढून टाकली. मेमटेस्ट लावायचा तर गरम वेळेतच लावा, रात्रीच्या पासवर भरवसा ठेवू नका.

आता झेडपूल स्क्रब चालू आहे, म्हणजे झेडएफएस सगळा डेटा वाचून चेकसमशी (डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून बघतंय. खराब रॅममधून डेटा लिहिला गेला असेल तर चेकसम पण त्या बिघडलेल्या डेटाचाच बनलेला असू शकतो, तो स्क्रबला कळणार नाही, म्हणून महत्त्वाच्या फाइली जुन्या बॅकअपशी ताडून बघतोय, फोटोंपासून सुरुवात केलीय.