अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या कामात मी कशी आले, माझा अनुभव

अपंग मुलांचे बरेच पालक मला विचारतात की तू आधी फ्रंटएंड डेव्हलपर, म्हणजे वेबसाइटचा दिसणारा भाग बनवणारी, होतीस ना, मग अ‍ॅक्सेसिबिलिटीत कशी काय शिरलीस आणि आम्हाला जमेल का. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच टाकते. अ‍ॅक्सेसिबिलिटी म्हणजे वेबसाइट आणि अ‍ॅप अपंग माणसांनाही वापरता येतील असं बघण्याचं काम.

माझी दोन मुलं. मोठीला सेरेब्रल पाल्सी आहे, हातांवर ताबा नाही, बोलणं बाहेरच्यांना कळत नाही, पण बुद्धी एकदम तल्लख. ती टॅबलेट स्विचने वापरते, म्हणजे डोक्याजवळ एक मोठं बटण बसवलेलं असतं, स्क्रीनवर एक चौकट आपोआप एकेका गोष्टीवरून पुढे सरकत जाते आणि हवं ते आलं की ती डोकं वळवून बटण दाबते. धाकट्याला अल्बिनिझम आहे, नजर कमी आहे, उजेडाचा त्रास होतो, तो सगळं डार्क मोडमध्ये भरपूर झूम करून वाचतो. एकाच घरात दोन पूर्ण वेगळ्या गरजा. मोठीला स्क्रीनवर जितक्या कमी गोष्टी तितकं बरं कारण चौकट लवकर पोचते, धाकट्याला अक्षर मोठं झालं की बाकी सगळं जागेवर राहायला हवं.

माझं डोकं या कामाकडे वळलं ते एका ऑनलाइन फॉर्ममुळे. मोठी तो स्वतः भरत होती, मी शेजारी बसले होते, मदत करायची नाही असं तिनेच बजावलेलं. एक एक अक्षर निवडत तिने बराचसा फॉर्म भरला आणि मग सेशन, म्हणजे फॉर्मला ठरवून दिलेली वेळ, संपलं, पान पहिल्यापासून सुरू, लिहिलेलं सगळं गेलं. ती रडली नाही, तिने फक्त डोळे मिटून घेतले. आणि मी तिथे बसल्या बसल्या विचार करत होते की हे कुणीतरी कोडमध्ये एक आकडा टाकून केलंय, असे आकडे मी पण रोज टाकते.

त्या रात्री मी पहिल्यांदा डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात म्हणून ठरवलेले निकष, उघडून नीट वाचलं. त्यात वेळेबद्दलचा निकष आहे, २.२.१. वेळेची मर्यादा आधीच बंद करता किंवा वाढवता येत असेल तर ठीक, नाहीतर ती संपायच्या आधी सूचना द्या, ती वाढवायला किमान २० सेकंद द्या आणि तेही एका साध्या कृतीने. वाचायला सोपं आहे. पण मुलीचं स्क्रीन वापरणं रोज बघत असल्यामुळे मला लगेच दिसलं की सूचनेचा डायलॉग उघडला तरी चौकट जर मागच्या पानावरच फिरत राहिली तर ते २० सेकंद तिच्या काहीच कामाचे नाहीत, बटणापर्यंत पोचायच्या आत संपतील. डायलॉगमध्ये दोनच बटणं असतील आणि स्कॅनिंग त्या दोनातच राहिलं तर तिला आरामात जमतं. निकष तोच, दोन टीमनी दोन प्रकारे केला तर एकीचा फॉर्म ती भरू शकते आणि दुसरीचा नाही. घरातून मला काय मिळालं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते, वाचलेलं कुठे अडतं ते आधी दिसायला लागतं.

ऑफिसात मात्र हे सगळं सांगून भागत नाही. माझ्या मुलीला असा त्रास होतो म्हटलं की सगळे हळहळायचे, खूप चांगली माणसं होती, पण स्प्रिंटमध्ये, म्हणजे टीमच्या पुढच्या काही दिवसांच्या ठरलेल्या कामात, हे काही यायचं नाही. मग मी बग लिहायला शिकले. कुठल्या पानावर, काय केल्यावर, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, कुठला निकष मोडतो, कोण अडकतं आणि दुरुस्ती काय. "रंग फिकट वाटतो" असं लिहिलं की चर्चा सुरू होते, "साध्या मजकुराला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ला १ लागतो, इथे तेवढा नाही" असं (कॉन्ट्रास्ट म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांतला उजळपणाचा फरक) लिहिलं की डिझायनर रंग बदलून देतो. डिव्हवर, म्हणजे कोडमधल्या नुसत्या चौकटीवर, क्लिक लावलेलं असेल तिथे खरं बटण टाका, या एका दुरुस्तीने कीबोर्ड, स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि स्विच तिन्हीकडे फरक पडतो, हे मी किती जणांना करून दाखवलं असेल त्याला गणती नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे माझ्या दोन मुलांच्या पलीकडचं शिकणं. आमच्या घरात स्क्रीन रीडर कुणीच वापरत नाही, त्यामुळे ते मला शून्यातून शिकावं लागलं. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, २००६ मध्ये मायकेल करन यांनी सुरू केलं, ते स्वतः अंध आहेत, पुढे जेम्स तेह सोबत आले, तेही अंध. एच दाबलं की पुढचं हेडिंग, के दाबलं की पुढची लिंक, एवढ्यावर मी सुरुवात केली. मग एका अंध टेस्टरसोबत काम करायला मिळालं. त्यांच्या स्क्रीन रीडरच्या आवाजाचा स्पीड इतका की मला एक शब्द कळेना, आणि ज्या पानावर मी चाचपडत होते ते त्यांनी हेडिंगवरून उड्या मारत क्षणात पार केलं. मूकबधिर, अंध, ऑटिस्टिक, डिस्लेक्सिया असलेले, प्रत्येकाचं त्यांच्याकडूनच ऐकायचं आणि टेस्टिंगचे त्यांना पैसे द्यायचे, हे मी तेव्हापासून प्रत्येक टीमला सांगते. पालक असणं म्हणजे सगळं माहीत असणं नव्हे.

सर्टिफिकेटचं विचाराल तर मी आयएएपी या अ‍ॅक्सेसिबिलिटी व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची सीपीएसीसी ही परीक्षा दिली. १०० प्रश्न, दोन तास, सगळे बहुपर्यायी. अभ्यास जमेल तसा, बराचसा थेरपीच्या बाहेर खुर्चीत बसून. कोडिंग त्यात जवळजवळ नाहीच, अपंगत्वाचे प्रकार, सहाय्यक साधनं, युनिव्हर्सल डिझाइन (सगळ्यांना वापरता येईल अशी रचना), कायदे, आणि अपंगांच्या हक्कांबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार. त्यातला सोशल मॉडेलचा भाग वाचताना मी पुस्तक मिटून गप्प बसले होते. इतकी वर्षं मुलांच्या फायलींत त्यांना काय येत नाही तेच वाचत आले होते, आणि इथे लिहिलेलं की अडथळा बांधणाऱ्याने बांधलाय, तो काढता येतो.

या कामाच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत मुलांबद्दल मी एकच वाक्य बोलले, बाकी वेळ स्वतः केलेली वेबसाइटची ऑडिट, म्हणजे तपासण्या, दाखवली. आणि थेरपीचे दिवस ठरलेले आहेत, त्या वेळी मी मीटिंगला नसेन, हे ऑफर घ्यायच्या आधीच बोलून घेतलं. हे खूप पालक लाजून बोलत नाहीत आणि मग निम्म्यात नोकरी सोडतात, मला त्याचं फार वाईट वाटतं.

मुलांची गोष्ट प्रेझेंटेशनमध्ये वापरायची का, यावर माझं मत पक्कं आहे, त्यांना विचारल्याशिवाय नाही. एकदा स्विचचा व्हिडिओ दाखवायचा होता म्हणून मोठीला विचारलं. तिने वेळ घेऊन टॅबलेटवर लिहिलं, "स्विच दाखव, चेहरा नको." तेवढंच दाखवलं. धाकटा तर नाहीच म्हणतो, विषय संपला.

थकवा येतो हेही सांगायला हवं. दिवसभर जे अडथळे रिपोर्टमध्ये लिहायचे तेच संध्याकाळी घरी मुलांसमोर. धाकटा ४०० टक्के झूम करतो आणि वरची चिकटलेली पट्टी अर्धा स्क्रीन खाऊन टाकते, मग तो वाचणंच सोडून देतो. असं झूम केल्यावर मजकूर आडवा न सरकवता वाचता यावा हा निकष डब्ल्यूसीएजीच्या २०१८ च्या २.१ आवृत्तीत आला, तरी अजून रोज हे दिसतं. आणि एक विजेट, म्हणजे साइटला वरून जोडायचं तयार साधन, लावा, साइट अ‍ॅक्सेसिबल होईल असं विकणारे भेटतात तेव्हा मला खरंच राग येतो, कारण आतलं चुकीचं कोड तसंच राहतं.

सध्या आमचं काम डब्ल्यूसीएजीच्या ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तीवर चालू आहे. त्यात ओढून करायच्या प्रत्येक गोष्टीला, काही अपवाद सोडले तर, ओढल्याशिवायचा पर्याय द्यावा लागतो. यादी वर-खाली हलवायची असेल तर शेजारी साधी वर आणि खाली बटणं. मोठीला मी हे सांगितलं तर तिने विचारलं, मग तिच्या अभ्यासाच्या अ‍ॅपमध्ये कधी येणार. मी त्या कंपनीला बग लिहून पाठवलाय, नेहमीच्या पद्धतीने, निकषाच्या नंबरसकट.