दोन आसोपोस

ग्रीक-पर्शियन युद्धांवरच्या एका मराठी पुस्तकाचे नकाशे मी करत होतो. शेवटच्या प्रुफावर संपादकांनी एका नदीच्या नावाभोवती लाल गोल काढून लिहिलं होतं: ‘दोनदा आलंय, एक काढा.’

नाव दोनदा होतं, कारण नद्याच दोन आहेत. इ.स.पू. 480 मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीला वळसा घालणारी पर्शियन तुकडी जी नदी ओलांडून रात्रभर डोंगर चढली, ती आसोपोस. पुढच्याच वर्षी प्लाटियाच्या लढाईत जिच्या काठी दोन्ही सैन्यं समोरासमोर ठाकली, तीही आसोपोस. मध्ये सरळ रेषेत सुमारे 90 किलोमीटर. लेखकाच्या कच्च्या आराखड्यात मात्र दोन्ही लढाया एकाच निळ्या रेघेवर होत्या. आपल्याकडे मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ तीनतीनदा तपासतात, नकाशा कोणी वाचतच नाही.

उत्तरेकडच्या, म्हणजे थर्मोपिलीजवळच्या आसोपोसने जीव काढला. फिनिक्स ओढा तिला मिळतो तिथे जेमतेम एका गाडीपुरती वाट होती, असं प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो. आजच्या उपग्रहचित्रात तिथे सपाट शेतं दिसतात, कारण स्पेर्खिओस नदीच्या गाळाने समुद्र काही किलोमीटर मागे रेटला. म्हणून किनारा पुन्हा आत घेतला आणि नदी थेट आखातात सोडली. मग लेबल. नदीचं नाव तिच्या वळणाने धावायला हवं. पण देवनागरी अक्षरं वक्ररेषेवर बसवली की शिरोरेषेचे तुकडे पडतात. सॉफ्टवेअर रोमन अक्षरांसाठी घडवलेलं, त्याला याची फिकीर नाही. मी शिरोरेषा हाताने जोडली.

संपादकांना फोनवर म्हटलं, “विदर्भातली पूर्णा तापीला मिळते, मराठवाड्यातली गोदावरीला. त्यातली एक काढाल का?” ते लगेच समजले. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोने तर चार आसोपोस नोंदवल्या आहेत. त्यातली सिकिऑन शहराजवळची आणि पारोस बेटावरची आमच्या नकाशाच्या चौकटीत येत नव्हती.

दोन्ही नावं राहिली. सूचीत कंसात प्रदेश देऊन थर्मोपिलीजवळची ‘आसोपोस (त्राखिस)’ आणि प्लाटियाजवळची ‘आसोपोस (बिओशिया)’ असं केलं. नकाशावर कंस टाकू दिले नाहीत, कारण तिथल्या माणसांनी नदीला नुसतं आसोपोसच म्हटलं असणार. पण नकाशा चाळणाऱ्याला तीही छपाईची चूक वाटली तर? तिथेही कंस द्यायला हवे होते का, हे अजून ठरत नाही.