वन्समोअरचे जोड

सेलूला एका आडत दुकानामागच्या गोदामात सिनेमाचे डबे पडलेत, असा निरोप आला. जुन्या फिल्म तपासणं हे माझं काम, म्हणून निघालो. पण मराठवाड्याचं ऊन आणि वर पत्रा म्हटल्यावर फार आशा नव्हती. अ‍ॅसिटेट या प्लास्टिकची जुनी फिल्म उष्णतेनं, दमटपणानं सडते, आक्रसते, आणि डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. पहिले दोन डबे तसेच निघाले. पुढच्यांवर खडूनं लिहिलं होतं : ‘श्यामची आई’.

मालक ऐंशीच्या घरातले. तरुणपणी तंबू टॉकीजवर ऑपरेटर होते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेपर्यंत तंबू जायचा. पुढे वितरकाचं ऑफिस बंद पडलं, प्रिंट परत न्यायला कुणी आलंच नाही.

हातमोजे घालून रीळ रिवाइंडरवर चढवलं. वास अगदी मंद. कड चिमटीत धरून फिल्म सावकाश सरकवायची. भोक फाटलेलं असलं की बोटाला कळतं. ‘भरजरी गं पितांबर’ हे गाणं असलेलं रीळ आलं आणि बोट अडायलाच लागलं. जोडामागून जोड. प्रत्येक ठिकाणी ब्लेडनं इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, खरवडून, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून नीट दाबलेलं.

“मामा, इथंच इतकं कसं तुटलं?”

“वन्समोअर हो साहेब! लोकं पुढं जाऊच द्यायचे नाहीत. बाया पदरानं डोळे पुसायल्या अन् पुन्हा लाव म्हणायल्या. रीळ उलटं फिरवायचं, घाईत तुटायचं, जोडायचं, पुन्हा लावायचं.”

दर जोडाला एखाद-दोन फ्रेम तरी जातातच. म्हणजे लोकांनी ज्यावर सगळ्यात जास्त जीव लावला, तेच प्रिंटमध्ये सगळ्यात कमी उरतं. म्हणून पुनर्संचयनाला, म्हणजे जुना सिनेमा पुन्हा नीट उभा करायला, एका प्रिंटवर भागत नाही. निगेटिव्ह आणि मिळतील तेवढ्या प्रिंट शेजारी ठेवून बघाव्या लागतात. इथं तुटलेली फ्रेम दुसऱ्या गावच्या प्रिंटमध्ये शाबूत असू शकते. मग एकेक फ्रेम स्कॅन करून ओरखडे काढायचे. तिथंही हात आवरावा लागतो. श्यामच्या आईचं काम केलेल्या वनमालाबाईंच्या चेहऱ्यावरचे, चित्र ज्यांचं बनतं ते फिल्मचे कणच पुसले, तर चेहरा मेणाचा होतो.

अत्र्यांचा हा सिनेमा १९५३ चा. राष्ट्रीय पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले तेव्हा, १९५४ साली, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक यालाच मिळालं. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाकडून नव्यानं सिद्ध झालेली त्याची प्रत २०२३ च्या गोव्यातल्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवली गेली. याचा मला मनापासून आनंद आहे. तरी सेलूच्या या जोडांची किंमत माझ्या लेखी कमी होत नाही. माळेगावच्या मातीत बसून सिनेमा बघणाऱ्या बायांना काय हवं होतं, ते आणखी कुठं नोंदलंय?

मामांची नात शेजारी उभी होती. ‘छडी लागे छम छम’ची फिल्म तिला खिडकीच्या उजेडात धरून दाखवली. “हे तर आमच्या गॅदरिंगचं गाणं!” म्हणाली. सिनेमा तिनं पाहिलेला नव्हता. कधी बघायला मिळेल, हे मात्र तिनं लगेच विचारलं.

“हे जोड काढून टाकणार का?” मामांनी निघताना विचारलं.

“नाही. प्रिंट आहे तशीच ठेवायची,” म्हणालो, आणि तसं डब्यांवर लिहूनही दिलं.

तंबू मराठवाड्यातल्या कितीतरी जत्रांना लागायचे. तुमच्याकडे कुणाच्या माळ्यावर असे डबे असतील, तर भंगारात देऊ नका, प्रोजेक्टरवर चालवूनही बघू नका. पत्र्याखालून काढून थंड, कोरड्या जागी ठेवा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा.